जुन्या डेस्कटॉपचा कर्सर सैरावैरा पळतो: माउस बदलण्याआधी काय तपासावं?

खटपट्या

मशीन: सिंगल कोअर प्रोसेसर, १ जीबी रॅम, ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. माउस ऑप्टिकल, चाकवाला, मागे हिरवी गोल पीएस-टू (यूएसबीच्या आधीची जोडणी) पिन. कॉम १ पोर्टला यूपीएसची सिरियल केबल लावलेली आहे.

लक्षणं दोन:

१. मधूनच कर्सर खालच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन आदळतो. त्याच क्षणी भलतंच काहीतरी क्लिक होतं, उजव्या क्लिकचा मेनू उघडतो, पान सर्रकन सरकतं. दोन-चार सेकंदांनी सगळं आपोआप ताळ्यावर.

२. कधी कधी कर्सर सेकंद-दीड सेकंद गोठतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. यात आपोआप क्लिक वगैरे होत नाही.

करून झालेलं: पॅड बदललं, खालची भिंग कापसाच्या काडीने पुसली, अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन केलं. फरक शून्य. माउसच बदलायचा तर बदलू, पण आधी दोष माउसमध्ये आहे, पोर्टमध्ये आहे की विंडोजमध्ये, हे कसं ठरवायचं?

---

सहापिनी

लक्षणं वेगवेगळी लिहिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण "माउस वेड्यासारखा करतो" एवढंच लिहितात आणि मग साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं. तुमची दोन लक्षणं दोन वेगळ्या आजारांची असण्याची दाट शक्यता आहे. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी तीन चाचण्या करा.

पहिली: माउस टेबलावर पालथा ठेवा, दिवा छताकडे. पाच मिनिटं हात लावू नका. कर्सर तरीही हलला तर पृष्ठभाग, पॅड, भिंगेवरची धूळ हे सगळे संशयित बाद. मग उरतात वायर, दुसरं एखादं उपकरण किंवा सॉफ्टवेअर. मध्ये काही क्लिक करायची वेळ आली तर डावं आल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा. माउस कीज चालू होतात आणि अंकांच्या पॅडवरून कर्सर हलवता येतो.

दुसरी: कंट्रोल पॅनेलमध्ये माउस, पॉइंटर ऑप्शन्स, तिथे 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची खूण काढा आणि वेगाचा दांडा बरोबर मध्यावर आणा. मग पेंट उघडून पेन्सिलने सावकाश आडव्या रेघा मारा, दहा-बारा. मग उभ्या. मग तिरक्या. चुकलेल्या रेघेचा आकार बघा, कारण आकारावरूनच निदान होतं:

- रेघ पायऱ्यापायऱ्यांची येते, एकाच दिशेत अडखळते: चेंडूचा माउस, रोलरवर मळ.
- हात स्थिर असताना रेघेच्या टोकाशी केसाळ गुंता होतो: ऑप्टिकल माउस, पृष्ठभाग चकचकीत आहे किंवा भिंगेच्या खळग्यात केस अडकलाय.
- चांगली चाललेली रेघ अचानक सुतासारखी सरळ कोपऱ्याकडे जाते: डेटाचं पॅकेट घसरलंय. वायर, पिन किंवा पोर्ट.
- रेघ थांबते, मग तुटक सरळ तुकड्याने पुढे जोडली जाते: माउस ठीक आहे, मशीनला त्याच्याकडे बघायला फुरसत नाही.

तिसरी: ३२ बिटचं हलकं लाइव्ह लिनक्स सीडीवरून चालवा, हार्डडिस्कवर काही बसवायचं नाही. तिथेही तेच झालं तर विंडोज निर्दोष. अर्धा तास माउस वापरून टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) ही आज्ञा द्या आणि 'लॉस्ट सिंक', म्हणजे माउसशी ताळमेळ सुटला, असं सांगणाऱ्या ओळी मोजा.

तिन्हींचे निकाल इथे लिहा, मग पुढे बोलू.

---

धुळीचा पुडा

निकाल येईपर्यंत साफसफाईबद्दल लिहून ठेवतो, हा धागा नंतर शोधत येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

ऑप्टिकल माउस म्हणजे खरं तर एक बारकासा कॅमेरा असतो. त्या पिढीच्या साध्या सेन्सरमध्ये १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ ठिपक्यांचं चित्र असतं आणि तो सेकंदाला सुमारे १५०० चित्रं काढतो. लागोपाठच्या दोन चित्रांत पृष्ठभागाचे खडबडीत बारकावे किती सरकले यावरून तो हालचाल काढतो. काचेवर किंवा आरशावर त्याला धरायला काही सापडत नाही. छापील नक्षीचं, बारीक ठिपक्यांचं पॅडही त्याला फसवतं, कारण एक ठिपका दुसऱ्यासारखाच दिसतो. पॅडवर संशय असेल तर साधा कोरा पांढरा कागद टेबलाला चिकटवून त्यावर चालवून बघा. कागदाचे तंतू सेन्सरला झकास दिसतात.

भिंगेपासून पृष्ठभागाचं अंतर अशा सेन्सरमध्ये साधारण २.४ मिलिमीटर धरलेलं असतं आणि त्यात एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे एवढीच सवलत असते. म्हणून माउसचे खालचे गुळगुळीत पाय झिजले किंवा त्यांच्यावर मळाचा थर चढला तरी चित्र धूसर होतं. पायांवरचा काळा थर नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, ब्लेड नको.

आता चेंडूचा माउस. खालची चकती बाणाच्या दिशेने फिरवली की चेंडू बाहेर येतो. आत दोन रोलर एकमेकांशी काटकोनात आणि तिसरं छोटं चाक स्प्रिंगवर, ते फक्त चेंडू दाबून धरायला. रोलरच्या मधोमध मळाची करकरीत अंगठी जमते. कर्सर आडवा अडखळत असेल तर माउसच्या लांबीला समांतर असलेला रोलर बघा, उभा अडखळत असेल तर दुसरा. टूथपिकने अंगठी आडवी खरवडून चिमट्याने उचलून बाहेर काढा, आत पाडू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली केलेली काडी रोलरवर फिरवा. चेंडूही त्यातच पुसून घ्या.

---

तारामती

शेवटच्या वाक्याला हरकत. चेंडू म्हणजे लोखंडी गोळा, पण वर रबराचा थर असतो. अल्कोहोलने रबर हळूहळू कडक आणि गुळगुळीत होतं, मग तो रोलरवर घसरायला लागतो आणि रोलर कितीही स्वच्छ असला तरी कर्सर अडखळतो. चेंडूला साबणाचं कोमट पाणी, नंतर साधं पाणी आणि धागे न सोडणाऱ्या कपड्याने कोरडा. अल्कोहोल फक्त रोलरला.

आणखी एक. रोलरच्या टोकाला खाचा असलेली चकती असते, तिच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला दोन ग्राहक. दोघांच्या ठोक्यांतला पुढे-मागेपणा बघून माउसला दिशा कळते. त्यातल्या एकासमोर केस अडकला तर दिशाच कळत नाही आणि कर्सर जागच्या जागी थरथरतो, पुढे सरकत नाही. मळाने होतं ते अडखळणं वेगळं. त्या चकत्यांवर हवेचा फुगा मारायचा, काडी घालायची नाही. आणि झाकण उघडं ठेवून टेबललॅम्पखाली माउसची चाचणी घेऊ नका. दिव्याचा उजेड त्या ग्राहकांवर पडतो आणि नसलेला दोष दिसतो.

---

धुळीचा पुडा

रबराबद्दल मान्य. माझं वाक्य चुकलं.

---

खटपट्या

तिन्ही चाचण्या केल्या.

पालथा माउस: पाच मिनिटं कर्सर तसूभरही हलला नाही.

पेंट: एकूण ४० रेघा. उजवीकडे जाणाऱ्या वीसच्या वीस स्वच्छ. डावीकडे येणाऱ्या वीसपैकी तीन रेघा खालच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या. तिन्ही वेळा वायर माउसच्या तोंडाशी दुमडली होती. गुंता नाही, पायऱ्या नाहीत. दोन ठिकाणी थांबून तुटक सरळ तुकडा, त्या वेळी कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाल दिवा एकसारखा पेटलेला.

लाइव्ह सीडी: अर्ध्या तासात 'लॉस्ट सिंक अ‍ॅट बाइट १' अशा ९ ओळी, 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन' अशा २. गोठणं मात्र एकदाही नाही.

उजवीकडे जाताना काहीच नाही आणि डावीकडे येतानाच होतं, हा योगायोग की वायर त्या बाजूला जास्त दुमडते?

---

बिटबहाद्दर

योगायोग नाही. वायर त्या बाजूला दुमडते हे आहेच, पण आणखी एक कारण आहे आणि ते गंमतीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पीएस-टू हे नाव आयबीएमच्या १९८७ च्या संगणकमालिकेवरून आलंय. या जोडणीत माउस एक बाइट ११ बिटांत पाठवतो: एक सुरुवातीचा, आठ डेटाचे, एक पॅरिटीचा (चूक पकडण्यासाठी), एक शेवटचा. घड्याळाचा ठोका साधारण १० ते १६.७ किलोहर्ट्झचा आणि तो माउसच देतो. चाकवाल्या माउसचं एक पॅकेट चार बाइटांचं:

पहिला बाइट स्थितीचा: तळाचे तीन बिट बटणांचे, चौथा कायम १, पुढचे दोन आडव्या आणि उभ्या हालचालीची ऋण-धन खूण, शेवटचे दोन 'आकडा मावला नाही' हे सांगणारे. दुसरा बाइट आडवी हालचाल, तिसरा उभी, चौथा चाक.

समजा तुम्ही माउस डावीकडे अगदी एक पाऊल हलवला. तारेवर जातं: १८, एफएफ, ००, ००, हे सोळाच्या पायात. दुमडलेल्या वायरीत घड्याळाचा ठोका चुकला आणि यातला पहिलाच बाइट गळाला. मशीन मोजणी एक घर पुढून सुरू करतं आणि वाचतं: एफएफ, ००, ००, आणि पुढच्या पॅकेटचा १८.

आता एफएफ म्हणजे आठही बिट १. स्थितीचा बाइट म्हणून वाचला तर अर्थ होतो: तिन्ही बटणं दाबलेली, दोन्ही दिशा ऋण. हालचालीचे आकडे ०० आणि सोबत ऋण खूण, म्हणजे आडवे उणे २५६, उभे उणे २५६. पीएस-टूमध्ये ऋण म्हणजे डावीकडे आणि खाली. म्हणून खालचा डावा कोपरा. चाकाच्या बाइटमध्ये आला १८, म्हणजे दशमानात २४ खाचा. म्हणून पान सर्रकन सरकलं. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एकूण एक लक्षण यात बसतं.

उजवीकडे एक पाऊल गेलात तर तोच बाइट ०१ असतो. तो स्थितीचा म्हणून वाचला तर चौथा बिट शून्य निघतो, जो कायम १ असायला हवा. ड्रायव्हरला चूक कळते, तो बाइट फेकून देतो. लिनक्समधली 'लॉस्ट सिंक अ‍ॅट बाइट १' ही ओळ म्हणजे हीच पकड. म्हणजे उजवीकडे जातानाही बाइट गळत असणार, फक्त त्याचा तमाशा होत नाही. दुसऱ्या प्रकारची ओळ तेव्हा येते, जेव्हा पॅकेट अर्धवट राहून अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो.

यूएसबी माउसला हा आजार होत नाही, तिथे प्रत्येक पॅकेटची हद्द ठरलेली असते आणि सीआरसी, म्हणजे डेटा बरोबर पोचला का हे तपासायचा आकडा, सोबत असतो. यूएसबीची वायर तुटली की कर्सर पळत नाही, तो मरतो आणि 'डिव्हाइस जोडलं, काढलं'चे आवाज येत राहतात.

---

आडवा बाण

एवढं कशाला? यूएसबी माउस आणा, हिरवा अडॅप्टर लावा, पीएस-टूत खुपसा. मशीन बंद करायचीही गरज नाही.

---

सहापिनी

दोन्ही सल्ले धोक्याचे.

हिरव्या अडॅप्टरमध्ये काही सर्किट नसतं, नुसत्या चार तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात. माउसच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो. असे माउस विकताना सोबतच अडॅप्टर मिळत असे. आजच्या बहुतेक माउसना फक्त यूएसबी येतं. ते अडॅप्टरवर दिवा लावतात आणि गप्प बसतात. या मशीनला यूएसबी पोर्ट असेलच, मग सरळ त्यातच लावा ना.

आणि पीएस-टू चालू मशीनमध्ये काढ-घाल करण्यासाठी बनवलेलं नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरं. पण पिन तिरकी शिरली आणि ५ व्होल्टची पिन जमिनीच्या (ग्राउंडच्या) पिनेला टेकली तर मदरबोर्डवरचा फ्यूज जातो. काही बोर्डांवर तो आपोआप पूर्ववत होणारा असतो, काहींवर तांदळाच्या दाण्याएवढा सोल्डर केलेला. दुसऱ्या प्रकारात कीबोर्डही सोबत जातो, कारण दोघांचा फ्यूज बऱ्याचदा एकच. मशीन बंद करून, मागची वायर काढून मगच पिनेला हात.

---

तारामती

वायरीकडे वळू. नव्वद टक्के तुटी माउसच्या तोंडाशी, जिथे वायर आत शिरते त्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये सापडतात, हा माझा अंदाज, मोजणी नव्हे. आतले तांब्याचे केसासारखे तंतू तुटतात, वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही.

तपासणी अशी. मशीन बंद, माउस काढलेला. माउसचे स्क्रू खालच्या पायांच्या पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. पट्टी हेअर ड्रायरने किंचित कोमट करून सोलली तर पुन्हा चिकटते. वरचं कवच मागून उचलून पुढच्या खाचांतून सोडवा. चाक आणि भिंग सुटी असतात, ती कशी बसली आहेत त्याचा आधी फोटो. सेन्सरच्या छिद्राला बोट लावू नका.

आत वायर एका छोट्या पांढऱ्या कनेक्टरवर संपते. मल्टिमीटर २०० ओहमवर. एक टोक कनेक्टरच्या धातूला, दुसरं गोल पिनेच्या त्या त्या पिनेला. पिनांचे क्रमांक: १ डेटा, ३ जमीन, ४ अधिक ५ व्होल्ट, ५ घड्याळ. २ आणि ६ रिकाम्या. चांगली तार एक-दीड ओहमच्या आत दाखवते, त्यात मीटरच्या स्वतःच्या तारांचाही वाटा असतो. आता दुसऱ्याला वायर तोंडाशी चारही बाजूंना दुमडायला सांगा. आकडा नाचला किंवा मीटरच्या कडेला नुसता १ आला (म्हणजे एक ओहम नव्हे, जोड तुटलेला), की तीच तार.

रंगांवर विश्वास ठेवू नका. यूएसबीत लाल, काळा, पांढरा, हिरवा ठरलेले आहेत, पीएस-टू माउसच्या आत प्रत्येक कारखान्याचा वेगळा संसार. तुमची कोणती तार कोणत्या पिनेला जाते, ते मीटरने काढून कागदावर लिहा.

दुरुस्ती: पांढऱ्या कनेक्टरपासून दोन सेंटिमीटर तारा ठेवून कापा. तोंडाच्या रबरी बुचापासून बाहेरचे पाच सेंटिमीटर टाकून द्या. चांगल्या वायरीचं टोक आत घ्या, तारा सोला, प्रत्येक तारेवर आधी हीट श्रिंक नळीचा तुकडा ओवा आणि मगच सोल्डर करा. नळी विसरून सोल्डर करणं हा या कामातला सार्वत्रिक घोटाळा आहे. चारही सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने पुढे-मागे ठेवा, म्हणजे जागा कमी लागते आणि शॉर्टचं भय राहत नाही. ६०-४० चं सोल्डर, टोक ३२० ते ३५० अंश सेल्सियस, एका सांध्याला दोन-तीन सेकंद. जास्त वेळ धरलं तर आवरण मागे सरकत जातं.

शेवटी वायरला आतल्या बाजूने बारीक केबल टाय घट्ट आवळा, म्हणजे ओढ सांध्यांवर न येता कवचावर येते. जुनं बुच मिळत नसेल तर हे पुरेसं आहे.

सोल्डरिंग येत नसेल तर सरळ दुसरा माउस लावा, त्यात कमीपणा नाही.

---

आयडीई आजोबा

दुसऱ्या लक्षणावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी. हार्डडिस्कचा दिवा पेटलेला असताना गोठणं आणि लाइव्ह सीडीवर ते अजिबात नसणं, यावरून पहिला संशय एकच: डिस्क पीआयओ या जुन्या, संथ मोडमध्ये घसरली आहे.

एक्सपीचा नियम असा की डिस्कशी बोलताना सीआरसी चुका किंवा टाइमआउट सहा वेळा जमले की डीएमए या वेगवान मोडचा वेग एक पायरी खाली येतो. असं करत करत शेवटी पीआयओ. आणि तिथून तो आपणहून वर येत नाही. डीएमएमध्ये डिस्कचा डेटा थेट मेमरीत जातो. पीआयओमध्ये प्रत्येक शब्द प्रोसेसरने स्वतः हाताने उचलून ठेवायचा. सिंगल कोअर बिचारा हमाली करत बसतो आणि माउसची हाक (आयआरक्यू १२) दारात ताटकळत राहते. कर्सर गोठतो तो असा.

बघायचं कुठे: माय कॉम्प्युटरवर उजवा क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. आयडीई एटीए कंट्रोलर्स उघडा, प्रायमरी आयडीई चॅनेलच्या प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे 'करंट ट्रान्सफर मोड'समोर 'अल्ट्रा डीएमए मोड ५' किंवा ४ असायला हवं. 'पीआयओ मोड' दिसलं तर चोर सापडला.

पडताळा: टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर व्ह्यू मेनूतून 'शो कर्नल टाइम्स'ला खूण करा. मोठी फाइल कॉपी करताना हिरव्या रेषेला लाल रेषा जवळजवळ चिकटून वर गेली, तर वेळ कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जातोय.

---

आडवा बाण

की १ जीबी रॅम अपुरी पडतेय आणि पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) दळण दळतेय?

---

आयडीई आजोबा

रास्त शंका. त्याच पानावर 'कमिट चार्ज'चा (कार्यक्रमांनी मागितलेल्या मेमरीचा) एकूण आकडा आणि 'फिजिकल मेमरी'चा एकूण आकडा शेजारी ठेवून बघा. कमिट चार्ज फिजिकलच्या वर गेला नसेल तर पेज फाइल दोषी नाही. आणि पेज फाइलच्या दळणात डीएमए चालू असताना कार्यक्रम अडकतात, पण कर्सर बऱ्यापैकी हलत राहतो. इथे कर्सरच गोठतोय.

उपाय. आधी केबल, मग विंडोज. उलट केलंत तर काही दिवसांत पुन्हा पीआयओ. मशीन बंद करून आयडीईची पट्टी बघा: तारा जाड आणि ४० असतील तर ती मोड २ च्या वर चालायची नाही. ८० तारांची बारीक रेघांची पट्टी हवी. निळं टोक मदरबोर्डला, काळं शेवटचं टोक मास्टर डिस्कला, मधलं करडं स्लेव्हला. लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. पट्टीच्या कडेची रंगीत तार पिन १ ची.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच प्रायमरी आयडीई चॅनेलवर उजवा क्लिक, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. विंडोज तो पुन्हा शोधून बसवेल आणि आणखी एक रीस्टार्ट मागेल, द्या. त्यानंतर मोड बघा.

सोबत स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ते आकडे दाखवणारं कुठलंही साधन चालवून १९९ क्रमांकाचा आकडा टिपून घ्या. तो सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलचा. ५ किंवा १९७ शून्याच्या वर असतील तर मात्र डिस्कच्या तबकड्या बिघडताहेत. आधी बॅकअप, कर्सर नंतर.

---

कॉम एक

यूपीएसच्या सिरियल केबलबद्दल. तुमच्या पालथ्या माउसच्या चाचणीने ती सध्या निर्दोष ठरली आहे, पण हा भोवरा माहीत असू द्या. विंडोज सुरू होताना सिरियल पोर्टवर कोणी बोलतंय का ते बघतं. जुने सिरियल माउस १२०० बॉड वेगाने तीन-तीन बाइट पाठवत. यूपीएस, जीपीएस, वजनकाटा असलं एखादं उपकरण नेमकं त्या वेळी बडबडत असेल तर विंडोजची समजूत होते की हा सिरियल माउस आहे. मग उपकरणाने पाठवलेला प्रत्येक आकडा कर्सरची हालचाल होतो आणि कर्सर स्क्रीनभर नाचतो, क्लिकही करतो.

ओळख सोपी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'माइस' (माउसच्या) विभागाखाली 'सिरियल बॉलपॉइंट' नावाचा पाहुणा दिसतो. त्याला अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी तो परत येतो. उजवा क्लिक करून डिसेबल करा. तोवर कर्सर आवरत नसेल तर केबल काढून मशीन सुरू करा, विंडोज पूर्ण आल्यावर केबल लावा. कायमचा बंदोबस्त म्हणजे रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेटखालच्या सर्व्हिसेसमध्ये सरमाउस (sermouse) या नोंदीचं स्टार्ट मूल्य ३ वरून ४ करणं. ४ म्हणजे बंद. खरा सिरियल माउस वापरणाऱ्यांनी अर्थातच हे करायचं नाही.

---

धुळीचा पुडा

कॅबिनेट उघडणारच आहात तर प्रोसेसरभोवतीचे आणि पीएस-टू पोर्टजवळचे कपॅसिटर बघून घ्या. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग असलेला कपॅसिटर म्हणजे ५ व्होल्टवर लहरी, म्हणजे व्होल्टेज सतत वर-खाली. चालू मशीनमध्ये डिस्कच्या चार तारांच्या मोकळ्या कनेक्टरवर लाल आणि काळ्या तारेत मोजा, ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं. मीटर सरासरी दाखवतो, लहरी दिसायला ऑसिलोस्कोप लागतो, म्हणून आकडा बरोबर आला तरी फुगलेला कपॅसिटर निर्दोष ठरत नाही.

आणि अर्थिंग. ते नसेल तर एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगतो, हाताला झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी कमी असतो, पण माउसच्या वायरीत गोंगाट घुसतो.

---

खटपट्या

निकाल.

वायर: १, ३ आणि ४ क्रमांकाच्या तारा ०.८ ओहमवर स्थिर. ५ क्रमांकाची, म्हणजे घड्याळाची, सरळ असताना १.१ ओहम आणि डावीकडे दुमडल्यावर मीटरवर नुसता १, म्हणजे जोड तुटलेला. तोंडाकडचे पाच सेंटिमीटर कापून पुन्हा जोडली. आवरण सोलून बघितलं तर त्या तारेत दोनच तंतू शिल्लक होते, तेही हिरवट पडलेले. नंतर लाइव्ह सीडीवर तासभर: 'लॉस्ट सिंक' शून्य. पेंटमध्ये डावीकडे ४० रेघा, चाळीसही सरळ.

डिस्क: करंट ट्रान्सफर मोडसमोर 'पीआयओ मोड'च होतं. पट्टी ४० तारांची निघाली. ८० तारांची टाकली, चॅनेल अनइन्स्टॉल, दोन रीस्टार्ट, आता 'अल्ट्रा डीएमए मोड ५'. ७०० एमबीची फाइल कॉपी करताना कर्सर लोण्यासारखा हलतो. कपॅसिटर सपाट, ५.०४ व्होल्ट. माइसखाली एकच माउस.

फक्त स्मार्टमधला १९९ चा आकडा अजूनही २१२ दाखवतोय. नवी पट्टी टाकूनही शून्य झाला नाही, म्हणजे दोष शिल्लक आहे का?

---

आयडीई आजोबा

नाही. तो आकडा डिस्कच्या जन्मापासूनची बेरीज असते, कधीच मागे येत नाही. २१२ कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. २१२ च राहिला तर पट्टी चांगली. २१३ झाला तर निळं टोक काढून पुन्हा नीट दाबून बसवा, तरीही वाढला तर पट्टी बदला.